आत्तीची पाठ, डॉक्टरांचा सिनेमा

सांगलीत सिनेमावर प्रेम करणाऱ्या माणसांचं एक मंडळ आहे. मी त्यात वर्षभर होते. त्यांचं सिनेमावर प्रेम आहे हे त्यांनीच मला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून मला कळलं.

विश्रामबागेत एका दातांच्या डॉक्टरांचा बंगला आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर हे लोक रविवारी सकाळी जमत. तिथे प्रोजेक्टर, भिंतभर पडदा, पाय पसरून बसायच्या खुर्च्या आणि काचेच्या कपाटात ओळीनं लावलेल्या डिस्क. कपाटाला कुलूप. सिनेमा सुरू झाला की थोड्याच वेळात डॉक्टर रिमोटनं तो थांबवत आणि म्हणत, "इथे बघा." मग सगळे पडद्याकडे बघायचं सोडून डॉक्टरांकडे बघत. डॉक्टर बोलत, त्यांच्यानंतर निवृत्त प्राध्यापक बोलत, त्यांच्यानंतर बिल्डर बोलत. पडद्यावर एखादी बाई अर्धं तोंड उघडून ताटकळत उभी असे. यांचा चहा संपल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे.

मी मूळची कुंडलची. शिकायला सांगलीत आले आणि इथेच राहिले. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. पिवळी, गुलाबी, बोटांना शाई लागणारी. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला बाराखडी पुरी व्हायच्या आधी वाचता येत होतं. पत्रकाचा एक गुण असतो. ते कुणाचं नसतं. वाचायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. पत्रक कुलपात ठेवून 'हे माझं' म्हणणारा माणूस आमच्या घरात वेडा ठरला असता. सांगलीत असा माणूस रसिक ठरतो.

अशा लोकांत मी गेले ती माझ्या आत्तीसाठी.

आत्ती ही वडिलांची थोरली बहीण. ती लग्नाआधी कुंडलला असताना आमच्या शिवारात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गावातल्या पोरींच्या डोक्यावर उसाच्या वाड्याचे, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचे, भारे देऊन त्यांना बांधावरून चालायला लावलं होतं. त्या पोरींत आत्ती होती. पुढच्याच उन्हाळ्यात लग्न होऊन ती उंब्रजला गेली. सिनेमा तंबूत आला तेव्हा ती घरातली नवी सून. तिला सिनेमाला कोण सोडणार? घरातले बाकी सगळे बघून आले आणि म्हणाले, तू काय दिसली न्हाईस. आपण सिनेमात आहोत हे तिनं सासरी आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून उंब्रजात तिला हिरवीन म्हणतात.

या चेष्टेत सगळ्यांच्या पुढे तिचा धाकटा दीर. तो फौजेतून सुभेदार होऊन परत आला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसला, तो अजून तिथेच आहे. आत्ती शेतातून येताना दिसली की तो हाळी देतो, "आली बगा हिरवीन! उठा रं, खुर्ची द्या!"

"तुमचीच द्या की. घासून गुळगुळीत केलीया बसून बसून."

"वैनी, पण प्रूफ काय? फौजेत प्रूफशिवाय शेंगदाणा मिळत न्हाई."

"मी व्हतो त्यात. बास झालं."

"मग आमाला का न्हाई दिसला? हिरोच्या मागं व्हता का म्हशीच्या?"

"म्हशीच्या मागं तुमी व्हता. तुमी हालला आसतासा तर दिसलो आसतो."

सगळे हसतात. आत्तीही हसते. पण ती कशी हसते ते मी जवळून बघितलंय. हसताहसता ती पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेते. एकदा भाकरी थापता थापता तिनं मान वर न करता मला सांगितलं, "मी जन्मात कुणाला फशिवलं न्हाई गं. आन् ह्या लोकांनी माझं एक खोटं म्हणून काय धरलंय, तर हे. त्यांनी एकडाव बगावं. मग मी मेलो तरी चालंल."

"आत्ती, मेलीस तर त्यांचं हसणं थांबलेलं कोण बघणार?"

"ते बी हाय. मग जगतो थोडी."

नेटवर त्या सिनेमाची दोन गाणी मिळाली. त्यांत बांध नव्हता आणि भारेही नव्हते. पुढे एका कार्यक्रमात त्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं की मंडळाच्या कपाटात त्या सिनेमाची डिस्क आहे. मी पुढच्या रविवारी विश्रामबागेत हजर झाले आणि पहिल्याच दिवशी ती मागितली. उंब्रजला देवळाच्या सभामंडपात दाखवायची आहे, म्हटलं. का, तेही सांगितलं.

प्राध्यापक गोड माणूस. म्हणाले, "आहे ना. पण आता ड्राफ्टनंतर बघू."

हा ड्राफ्ट म्हणजे डॉक्टरांच्या परदेशातल्या भाच्यानं आणलेला, वर्षातून एकदा व्हायचा खेळ. क्रिकेटच्या संघांसाठी खेळाडू उचलतात तसे इथे जुने, नावाजलेले सिनेमे उचलायचे. सगळे गोल बसणार. ज्याची पाळी येईल त्यानं एक सिनेमा घ्यायचा. एकानं घेतला की तो दुसऱ्याला घेता येणार नाही. शेवटी कुणाचा संघ भारी यावर मतदान, आणि जिंकणाऱ्याला पितळी करंडक. इथवर ठीक. माणसं रविवारी याहून वाईट गोष्टी करतात. पण या मंडळानं त्यात स्वतःची भर घातली होती. तुम्ही जो सिनेमा घ्याल तो वर्षभर तुमचा. त्याची डिस्क तुमच्याकडे. तो दाखवायचा तर तुम्हीच दाखवायचा, आधी तुमचं भाषण. कॉपी काढायची नाही. शेकडो माणसांनी मिळून केलेली आणि लाखोंनी बघितलेली गोष्ट सांगलीतल्या दहा माणसांनी रविवारी सकाळी शिरा खाताखाता वाटून घेतली होती. त्यात आपण काही चुकीचं करतोय असं एकालाही वाटलं नाही, हे मला आजही लिहिताना खरं वाटत नाही.

सिनेमांची नावं मी इथे देत नाही. ती दुसऱ्यांच्या मालकीची आहेत.

ड्राफ्टच्या दिवशी पाळ्यांचा क्रम डॉक्टरांनी ठरवला होता. पहिले डॉक्टर, मग प्राध्यापक, मग बिल्डर, असं ज्येष्ठतेनं खाली. सगळ्यात शेवटी मी. आणि एक फेरी झाली की पुन्हा डॉक्टरांपासून सुरू.

मी म्हटलं, "आमच्याकडे उपशाच्या पाण्याची पाळी अशी देत नाहीत. एकदा वरून सुरू केली की पुढच्या खेपेला खालून करतात. नाहीतर शेपटाच्या रानाला पाणी मिळतच नाही."

बिल्डरांची गावाकडे वीस एकर आहे आणि ती पाटाच्या तोंडाशी आहे. त्यांना माझं म्हणणं तत्काळ समजलं आणि तितकंच तत्काळ नापसंत पडलं. "अगं, ते पाण्याचं झालं. ही कला आहे."

"सुंदर!" प्राध्यापक म्हणाले. "लोकजीवनातला न्याय! यावर लिही तू." आणि त्यांनी क्रम होता तसाच ठेवायला मत दिलं.

मला त्याची फिकीर नव्हती. त्या मराठी सिनेमाकडे यांतलं कुणी ढुंकून बघणार नाही, हे मला माहीत होतं. वर्षभरात माझ्याशिवाय त्याचा विषयसुद्धा कुणी काढला नव्हता. डॉक्टर जपानी कुंभाराचा उचलणार, प्राध्यापक फ्रेंच पाद्र्याचा, बिल्डर अमेरिकन माफियाचा, आणि पहिल्या फेरीच्या शेवटी माझा मला मिळणार.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. सगळ्यांकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या शिवारातला सिनेमा घेतला.

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. "वा! कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं."

"डॉक्टर, तुम्ही तो बघितलाय?" मी विचारलं.

"पूर्ण असा नाही. पण तू मागत होतीस, म्हणजे त्यात काहीतरी असणार. दुसऱ्याला मिळू नये म्हणून आपण उचलायचं, याला डिफेन्सिव्ह पिक म्हणतात, बाळ. वाईट वाटून घेऊ नको, खेळ आहे."

कुणाला ही गंमत वाटेल. मला वाटली नाही. माझी तहान बघून या माणसानं पाणी अडवलं होतं, आणि त्याला स्वतःला तहान नव्हती. कुंभाराचा सिनेमा प्राध्यापकांनी खुशीत उचलला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला काही नको. ते खेळाच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून माझ्या नावावर कुठला तरी घोड्यांचा सिनेमा लावण्यात आला. तो अजून माझ्या नावावर असेल.

जिना उतरताना डॉक्टरांनी मला थांबवलं. ते उंब्रजला यायला तयार होते. सिनेमा दाखवतील, प्रोजेक्टरही आणतील. पण नियमाप्रमाणे आधी त्यांचं भाषण होईल. "आणि गावाकडे साधारण शाल-श्रीफळ वगैरे असतंच ना? मला त्याचं काही नाही हं, पण मंडळाचा मान."

मी तावातावानं उंब्रजला गेले. आत्तीला म्हटलं, असल्या माणसाच्या दारात पुन्हा जायचं नाही. आपण दुसरीकडून मिळवू, वेळ लागला तरी चालेल.

आत्तीनं विचारलं, "किती बोलंल त्यो?"

"फार बोलतो."

"बोलू दे की. बोलून दमंल. दमला की शिनमा लावंल." मग म्हणाली, "तुझा बा बी आसाच. तत्त्वासाठी कवा जेवला न्हाई, कवा आमाला जेवू दिलं न्हाई. मला शिनमा बगायचाय गं. तुझं भांडण तू मागनं भांड."

सांगलीला परत येऊन मी डॉक्टरांना होकार कळवला. मी कार्यक्रमाचं पत्रक लिहिलं. डॉक्टरांना त्यावर त्यांचं नाव आणि पदव्या वर, मोठ्या अक्षरात हव्या होत्या. मी सिनेमा, जागा, दिवस, वेळ आणि 'सर्वांसाठी खुला' एवढंच लिहिलं. खाली एक ओळ घातली: वाचून पुढच्याला द्या. डॉक्टर म्हणाले, हे फार कोरडं झालं. मी म्हटलं, ओलं तुम्ही भाषणात करा.

रविवारी दुपारी सभामंडपाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. गाव लोटलं होतं. निम्मे सिनेमा बघायला आणि निम्मे हिरवीन पडते कशी ते बघायला. सुभेदार पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आत्तीनं जरीकाठाचं इरकली लुगडं नेसलं होतं आणि ती बायकांत पुढे बसली होती, गुडघे जवळ घेऊन. तिची पाठ आता कमरेपासून वाकलीय. बसली की ती लहान मुलीएवढी दिसते.

डॉक्टरांबरोबर प्राध्यापक आणि बिल्डरही आले होते. डॉक्टरांनी शाल घेतली आणि ते बोलायला लागले. ग्रामीण स्त्रीच्या मूक वेदनेवर बोलले. काळ्या-पांढऱ्या रंगातल्या करड्यावर बोलले. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "आणि अखेरीस नायक ज्या ओढ्यात प्राण सोडतो, तो ओढा हे साऱ्या खेड्याचंच प्रतीक आहे."

बायका हळहळल्या. मला काही म्हणायचं नव्हतं, कारण मीही तो सिनेमा बघितला नव्हता. फरक एवढाच की मी शाल घेतली नव्हती.

सिनेमा सुरू झाला. त्यातल्या बायका मूकबिक काही नव्हत्या. पहिल्याच प्रसंगात एकीनं तलाठ्याला अशा शिव्या घातल्या की मंडपातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी सवयीनं रिमोट उचलला, सिनेमा थांबवला आणि म्हणाले, "इथे बघा..."

"आम्ही बगतच हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमी का थांबला?"

डॉक्टरांनी सोडून दिलं. पण हातातला रिमोट त्यांना चैन पडू देत नव्हता. थोड्या वेळानं नायक ओढ्यावर आला, तसं सगळं गाव दीर्घ श्वास घेऊन तयार झालं. नायकानं तोंड धुतलं, बैलाला पाणी पाजलं आणि निघून गेला.

सुभेदार वळून म्हणाले, "डाक्टर, ह्यो तर जित्ता हाय की!"

"तो नंतरचा ओढा," डॉक्टर म्हणाले.

नंतर ओढा आलाच नाही. आला तो बांध. आमचा बांध. त्याच्या कडेचं वाकडं बाभळीचं झाड मी ओळखलं, कारण ते अजून तिथेच आहे. नायक-नायिकेचं बोलणं संपलं आणि दूरवर भारे घेतलेल्या बायकांची रांग दिसायला लागली. त्याच वेळी डॉक्टर म्हणाले, "हा भाग जरा रेंगाळतो. नुसता भरणा आहे. पुढे घेऊ या." आणि रांग खारीसारखी सरकन पडद्यावरून पळून गेली. मागोमाग लग्नाचा मंडप आला.

मी उठायच्या आत आत्ती उठली. एक हात जमिनीला टेकत ती उभी राहिली, आणि तिची सावली पडद्यावरच्या नवरदेवावर पडली.

"आवं डाक्टर. मागं घ्या."

"मावशी, त्या सीनमध्ये काही घडत नाही."

"मी घडतो न्हवं का त्यात! मागं घ्या."

डॉक्टरांनी मागं घेतलं, ते फार मागं गेलं. तलाठी पुन्हा शिव्या खाऊ लागला. मग पुढे घेतलं तर पुन्हा लग्न. त्यांना तो प्रसंग सापडेना, कारण त्यांच्या लेखी तो नव्हताच. शेवटी सुभेदारच वैतागले. "हळू हळू घ्या की वं! इंचाइंचानं! ग्रेनेड हाय का त्यो हातात?"

मग बांध आला. या वेळी कुणी रिमोट दाबला नाही. बायकांची रांग झाडाआडून आली आणि आमच्याकडे पाठ करून निघाली. तोंड कुणाचंच दिसत नव्हतं. डोक्यावर भारे, खाली पाठी, खाली पाय. रांगेत शेवटी एक पोरगी होती. तिचा भारा सगळ्यांपेक्षा मोठा होता आणि तिनं त्याला हात लावला नव्हता. दोन्ही हात मोकळे सोडून, मान ताठ ठेवून ती बांधावरून अशी चालली होती की जणू डोक्यावर काही नाहीच. तिनं मागे बघितलं नाही. वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली.

आत्ती अजून उभीच होती. "ती," ती म्हणाली. "शेवटची. ती मी."

सुभेदारांनी मान पुढे काढून पडदा निरखला. मग म्हणाले, "वैनी, ही तर पाठ हाय. पाठ काय, कुणाची बी आसंल."

सगळ्यांचे डोळे आत्तीवर लागले. मला वाटलं आता ती रडेल, किंवा भांडेल. मी भांडायला तयारच होते. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. आत्ती मात्र सुभेदारांकडे बघतसुद्धा नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, तिथे आता लग्नाची वाजंत्री वाजत होती.

"तोंड न्हाई, खरं हाय," ती म्हणाली. "तुमाला दिसलो न्हाई म्हणत व्हता, ते बी खरंच म्हणायचं. पण माझी पाठ मी आज पयल्यांदा बगितली." मग तिनं आपला हात मागे नेऊन कमरेवर ठेवला. "लय सरळ व्हती रं."

कुणी हसलं नाही. सुभेदारांनी खाली बघितलं, इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढली, आणि मान न वळवता म्हणाले, "डाक्टर, परत मागं घ्या."

डॉक्टरांनी घेतलं. संपलं की बायका म्हणाल्या, परत. ते संपलं की मागच्या रांगेतले म्हणाले, आम्हाला नीट दिसलं न्हाई, परत. डॉक्टर रिमोट धरून उभे होते आणि गाव सांगेल तेव्हा बटण दाबत होते. वर्षभरात त्यांचा सिनेमाला झालेला हा एकमेव उपयोग.

परतीच्या गाडीत ते सांगलीपर्यंत खुशीत होते. "बघितलंस? माझा पिक बरोबर ठरला. इन्स्टिंक्ट!" प्राध्यापक म्हणाले, पाठमोऱ्या स्त्रीवर एक निबंध होईल. बिल्डरांनी विचारलं, माफियाच्या बदल्यात देता का? दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर डॉक्टरांचा शाल पांघरलेला फोटो आला. खाली मजकूर: माझ्या चित्रपटाला ग्रामीण भागात उदंड प्रतिसाद. आत्तीचं नाव त्यात नव्हतं. ते त्यांनी विचारलंच नव्हतं. मी ग्रुप सोडला. करंडक त्या वर्षी डॉक्टरांना मिळाल्याचं कानावर आलं. मिळू दे. त्या करंडकात उंब्रजचं कुणी चहासुद्धा पिणार नाही.

दिवाळीला मी उंब्रजला गेले. ओट्यावर सुभेदारांच्या शेजारी बसले होते. प्रूफ पटलं की नाही, ते त्यांनी कबूल केलेलं नाही आणि करणारही नाहीत. संध्याकाळी आत्ती शेतातून आली. डोक्यावर वाड्याचा लहानसा भारा, कमरेत वाकलेली, एक हात भाऱ्याला.

सुभेदारांनी लांबूनच हाळी दिली, "वैनी, सरळ चाला! डाक्टर बगाय लागलाय!"

"बगू दे," आत्ती न थांबता म्हणाली. "पर त्याला सांगा, पुढं घिऊ नको."

आणि आमच्या समोरून, पाठ करून, ती गोठ्याकडे गेली. सुभेदार ती आत जाईपर्यंत बघत होते.